कॉम्प्युटरचं कव्हर

आमचा कॉम्प्युटर दुपारी बंद पडायचा. सकाळी शहाण्यासारखा चालायचा. जेवणं आटोपून मी पुन्हा बसले की अर्ध्या पानावर पडदा गोठायचा. मग की-बोर्ड बडवा नाहीतर देवाचं नाव घ्या, तो ढिम्म. बोईसरजवळ सरावलीच्या दोन खोल्यांत बसून मी क्लासच्या प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायची. परीक्षा तोंडावर होत्या. पुन्हा उशीर झाला तर काम बोईसरात दुसरीकडे देऊ, असं क्लासवाल्यांनी साफ सांगितलं होतं.

उपाय सगळे झाले. व्हायरस शोधणारी फ्लॉपी घातली, स्टॅबिलायझर बसवला. मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, कारण सगळेच घासायचे. शेवटी कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने पालघरला मेकॅनिककडे नेला. तिथे तो दिवसभर सुरळीत चालला. घरी आला आणि दुपारी पुन्हा बंद. नवरा म्हणाला, दृष्ट काढ. तो चेष्टा करत होता. मी मीठ-मोहऱ्यांपर्यंत पोचले होते.

सासूबाई किनाऱ्यावरच्या. उभा जन्म जाळी विणण्यात आणि मासळी सुकवण्यात गेलेला. सुनेने दिवसभर त्या पेटीसमोर बसायचं हे त्यांना पटलं नव्हतं. कॉम्प्युटर आल्यापासून त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत. मग एक दिवस त्यांनी आपणहून त्याच्या डब्याला लोकरीचं कव्हर विणलं, आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. समोरची बटणं तेवढी मोकळी. कारखान्यांची धूळ आमच्याकडे भांड्यांवरसुद्धा बसायची. "उगडा नको ठेवू," त्या म्हणाल्या, "नाजूक हाय." लग्नानंतर त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम केलेली ती पहिली वस्तू. मी किती सुखावले होते!

एकदा ते कव्हर धुवून वाळत घातलं होतं. त्या दिवशी कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत चालला. कारण कळलं. सांगावं तर पुन्हा अबोला, न सांगावं तर काम जातंय. त्यावर मी काढलेला तोडगा असा: सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की कव्हर काढायचं. त्यांचा तोडगा असा, की उठल्यावर मी चहा टाकायला गेले की ते परत घालायचं. कॉम्प्युटर आता संध्याकाळी बंद पडू लागला.

मेकॅनिक घरी आला. त्याने कव्हर उचललं, मागच्या पंख्यापाशी हात धरला आणि ओरडला, "इसको रजाई किसने ओढायी?"

सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"मी," मी म्हणाले.

त्याने मला बरंच ऐकवलं. मी ऐकून घेतलं. कव्हर घडी घालून कपाटात गेलं, प्रश्नपत्रिका वेळेवर गेल्या. सासूबाईंनी माळ्यावरून नायलॉनचा दोरा आणि जाळं विणायची सुई काढली आणि कोपऱ्यात विणत बसल्या. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा अबोला.

दोन दिवसांनी त्यांनी डब्यावर चक्क जाळं घातलं.

"पानी जातं यातनं," त्या म्हणाल्या, "हवा नाय जानार?"

हवा जात होती. धूळही जात होती. मी जाळं चारी बाजूंनी नीट ओढून बसवलं.

"आनि 'मी, मी' काय म्हनत होतीस त्या मेकॅनिकसमोर? तुला सुई तरी धरता येते काय?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी सरकून शेजारी जागा केली आणि सुई माझ्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत मला एकही गाठ धड जमली नाही. कॉम्प्युटर चालूच होता.