हॅरिसनची झोपडी

वेंडेल रकलच्या घरात पाहुण्यांची खोली नावालाच उरली होती. तिथे खणच खण होते, आणि खणांत एकोणिसाव्या शतकातल्या निवडणुकांची पदकं. उमेदवाराचा चेहरा कोरलेली, वर भोक पाडलेली. लोक ती दोऱ्यात ओवून कोटावर मिरवत. सगळ्यांत लाडकं १८४० सालचं हॅरिसनचं, तांब्याचं. मागे लाकडी झोपडी, दाराशी सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या दारूचं, पीप. "तो बिचारा महिनाभर राष्ट्राध्यक्ष होता," त्याची बायको व्हर्ना आल्यागेल्याला सांगायची, "आमच्याकडे मात्र मुक्काम ठोकून बसलाय."

ओहायोची थंडी आता तिच्या छातीला सोसत नव्हती. लेक टूसॉनला बोलावत होती, तिथल्या कोरड्या हवेत. पदकं चांगल्या हाती पडली की घर विकू, असं वेंडेलनं कबूल केलं होतं. असे हात मिळायचेच नाहीत, अशी त्याची खात्री होती. व्हर्नानं ते शोधून काढले. क्लीव्हलंडचे संग्राहक प्रेंटिस शनिवारी पदकं बघायला येणार होते.

शुक्रवारी दुपारी ती चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली आणि वेंडेलनं स्वयंपाकघरातून भांड्यांच्या पॉलिशची डबी आणली. जुन्या तांब्यावर चढलेला तपकिरी रंग हेच त्याचं वय. तो गेला की जाणकार पदकाला हात लावत नाही. नवख्यांना तो पहिल्यांदा हेच बजावायचा. फक्त हॅरिसन घासायचा, असं त्यानं ठरवलं होतं. पण झोपडी लालभडक उजळली, आणि मग हात थांबेना. एक खण संपला, दुसरा ओढला.

शनिवारी प्रेंटिसनी भिंग काढलं आणि तसंच परत खिशात ठेवलं.

"कुणी घासली ही?"

व्हर्नानं वेंडेलच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडा काळ्या होत्या.

"मी," ती म्हणाली. "पाहुणे यायचे म्हणून."

प्रेंटिस हळहळले, व्हर्नाच्या ॲपल पायचं कौतुक केलं आणि एकही पदक न घेता निघून गेले.

"व्हर्ना," तो म्हणाला.

"खिडकी लाव. वारा येतोय."

त्यानं खिडकी लावली. वळला तेव्हा ती पदकं खणांत ठेवत होती. त्यानं कधीकाळी शिकवलं होतं तशीच, कडांना धरून, चेहऱ्याला बोट न लावता. मधेच खोकला आला की थांबायची, मग पुढचं उचलायची. वेंडेल दारात उभा होता. त्याला आत जाता येईना, तिथून हलताही येईना.