तीन बटणांवरचा चुना

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोचे मेल मी चोरून वाचले. पहिल्यांदा चुकून, आणि पुढं दोन महिने ठरवून. हे लिहिताना तोंडात तंबाखूचा चोथा राहून गेल्यासारखं वाटतंय, पण ते आधीच लिहिलेलं बरं.

आमचं गाव भूकंपानंतर नव्या जागेवर वसलेलं. सरळ रांगा, सारखी घरं, आणि प्रत्येक दाराशेजारी रंगानं लिहिलेला घराचा नंबर. मी शाळेत मास्तर. तिथल्या माहित्या भरायला मी घरी संगणक घेतला, तेव्हा पासवर्ड ठरवायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. देवीचा 'उदो उदो' इंग्रजी अक्षरांत जोडून लिहायचा आणि पुढं घराचा नंबर. म्हणजे निम्मा पासवर्ड गावातल्या प्रत्येकाच्या तोंडी आणि निम्मा आमच्याच भिंतीवर. घरात सगळ्यांना पाठ झाला पाहिजे, एवढंच मी बघितलं. मी शाळेत असताना गल्लीतलं कुणी पीकविम्याचा अर्ज भरायला आलं, तर तेही खुशाल बसायचं. 'पासवर्ड लक्षात ठेवू का?' असं मशीन विचारायचं आणि कुणाचाही असला तरी मी 'हो' दाबायचो. सारखं सारखं कोण टाकत बसणार?

भावजय अंगणवाडी सेविका. पर्यवेक्षिकेच्या भरतीची परीक्षा संगणकावर होणार होती, म्हणून ती रोज दुपारी सरावाच्या चाचण्या सोडवायची. भाऊ नोकरीला सोलापूरला. ती माझ्याशी सरळ कधी बोलली नव्हती. आमच्या घरात जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं ते जावेच्या तोंडून. संगणकावर वेगळं खातं मागितलं, तेही तसंच.

"तिला तिचं येगळं पाहिजे म्हणती, तिच्या पासवर्डचं," बायको म्हणाली.

"का? घरात चोर शिरलेत व्हय?"

"मग तुमच्या मोबाईलला अंगठा कशाला लावून ठिवलाय? त्यात काय सोनं हाय?"

मी हसलो आणि विषय तिथंच संपवला.

पुढच्या आठवड्यात शाळेची एक फाईल शोधताना तिचा मेल आपोआप उघडला. बंद करायला हवा होता. तिनं बहिणीला लिहिलेलं वर दिसत होतं, त्यात 'जेठ' हा शब्द होता, आणि माझा हात थांबला. 'जेठ तंबाखू मळतात आणि तशाच हातानं बसतात. सगळी बटणं बरबटलेली. u, d आणि o वर तर चुन्याचे पांढरे ठिपके. पासवर्ड कुणाला विचारायलाच नको. बसायच्या आधी हात धुते, उठल्यावर पुन्हा धुते, तरी बोटांना वास येतो. सांगू कुणाला?'

मला राग आला. चूक तिची काहीच नव्हती, तरी आला. मग ती आणखी काय लिहिते हे बघायची चटक लागली. शाळेतून आलो की चहाच्या आधी संगणक. तिच्या माहेरचं, तिच्या पोटदुखीचं, माझ्या भावाशी झालेल्या अबोल्याचं. माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई, आणि तिचं पदर नसलेलं बोलणं मी बिस्किट खात वाचत होतो.

आणि पकडलाही गेलो तो स्वच्छतेमुळं. एका रविवारी बटणांकडं बघून मलाच शिसारी आली. जुना दातांचा ब्रश आणि स्पिरिट घेऊन मी सगळा कीबोर्ड घासला. फटीतून काळी भुकटी निघाली, तीत एक केसही होता. दुपारी भावजय सरावाला बसली. तिनं बटणांकडं पाहिलं, वाकून वास घेतला, आणि एकही बटण न दाबता उठली. चुन्याबद्दल ती या घरात कुणाशीच बोलली नव्हती. तिनं ते फक्त बहिणीला लिहिलं होतं.

त्यानंतर ती संगणकाजवळ फिरकली नाही. परीक्षेला तीन आठवडे होते.

"परीक्षाच द्यायची न्हाय म्हणती," बायको म्हणाली. "तिचे मेल कुणीतरी वाचलेत. कोण वाचील वो?"

"लई लोक बसतात मशीनवर," मी म्हणालो. "ते समोरचे काका न्हाय का, परवाच येऊन गेले."

दुसऱ्या दिवशी समोरचे काका विम्याची पावती काढून घ्यायला आले. बायकोनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. जाताना ते मला म्हणाले, "मास्तर, आमचं काय चुकलं का?" मी मान हलवली. ती हो होती का नाही, हे माझं मलाही कळलं नाही. त्या माणसाला स्वतःचं नाव टाईप करता येत नव्हतं.

तरी आणखी चार दिवस मी गप्प होतो. रोज तो घासलेला कीबोर्ड बघायचो. घरातली सगळ्यात चकचकीत वस्तू तीच होती, आणि तिच्याकडं बघवत नव्हतं.

पाचव्या दिवशी आधी काकांच्या घरी जाऊन खरं सांगितलं. घरी आलो तर दोघी जावा अंगणात तूरडाळ निवडत बसलेल्या. सवयीनं मी बायकोकडं तोंड करून सुरुवात केली. "तिला सांग, की..."

बायकोनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. तिला काय समजायचं ते समजलं असावं. सूप खाली ठेवून ती आत निघून गेली. आता मधे कुणी उरलं नाही. भावजयीनं पदर पुढं ओढला, पण उठली नाही.

"तुमचे मेल म्या वाचलेत," मी म्हणालो. "काकांनी न्हाय, म्या. दोन महिने. काकांना आत्ताच सांगून आलो. तुमचं येगळं खातं केलंय, मशीननं साठवलेले पासवर्ड सगळे पुसलेत. नवा पासवर्ड तुमचा तुमी टाका, तवर म्या बाहेर थांबतो. परीक्षा सोडू नका. तुमी येगळं मागितलं तवा घरात चोर हाय का म्हणून म्या हसलो. चोर म्याच होतो. माफ करा मला."