रघुनाथरावांची शीव

रघुनाथराव वेण्णार नदीच्या पुलाअलीकडे मैलाच्या दगडापाशी उभे होते. उभे म्हणजे काय, घाण्याच्या बैलासारखे दगडाभोवती फिरत होते. कमरेला वेष्टी, खांद्यावर उपरणे. दगडावर पूजेचे ताट, हार, पाय धुवायचा तांब्या. नादस्वरवाले दोघे झाडाखाली पान चघळत बसलेले.

त्यांच्या लेकीचा, नित्याचा, नवरदेव कुंभकोणमहून निघाला होता. साडेचारला राहुकाळ लागायचा. त्याआधी त्याला शिवेवर सामोरे जाऊन पाय धुवायचे, मगच तंजावुरात आणायचे. सीमांतपूजन हॉलच्या दारातच उरकायची आता रीत पडली आहे. चपलांच्या ढिगाशेजारी कसली आली शीव? रघुनाथरावांना ते पटत नसे. त्यांच्या थोरल्या बहिणीचा नवरा या दगडापाशी बैलगाडीतून उतरला होता, धाकटीचा बसमधून. मग नित्याचा कोठे उतरणार?

त्यात हा रस्ता म्हणजे रघुनाथरावांचा जन्म. याच रस्त्यावर त्यांनी बस चालवली, केस काळे होते तेव्हापासून पार पांढरे होईपर्यंत. त्यांचे वडील सांगत, आधी हा नदीचा नुसता बांध होता, त्यावरून गाड्या चालत. मग तांबडा मुरूम पडला, मग डांबर, मग सरकारने नंबर दिला आणि बांधाचा हायवे झाला. पण वळणे राहिली ती राहिलीच. नदी वळली की रस्ता वळे; त्याला स्वतःची अक्कल अशी नव्हतीच. कापणीच्या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर भात वाळत असे. रघुनाथराव बस अशी काढत, की दाण्यावर चाक जायचे नाही. अय्यमपेट्टैच्या बाजारात हॉर्न, पापनाशमच्या फाटकापाशी गरम फिल्टर कापी.

पुढे शेतांतून नवा चौपदरी रस्ता झाला. रघुनाथरावांनी त्यावर पाऊल ठेवले नाही. "जो रस्ता कोणाच्या दाराशी थांबत नाही, तो रस्ता कसला?" असे ते बायकोला सांगत. ताराबाई म्हणत, "त्यास तुमच्याशी सोयरीक करायची नाही, बसा निवांत."

पण निवांत बसणार कोण! एक व्हॅन आली, ती सिमेंटची. दुसरी आली, ती दुधाची. ताटातली फुले कोमेजू लागली. फोन करावा, तर तो सदऱ्याच्या खिशात आणि सदरा हॉलमध्ये.

"सार, एकदा वाजवून पाहू काय? ऐकून तरी येतील," नादस्वरवाला म्हणाला.

"तू पान खा," रघुनाथराव म्हणाले आणि पुन्हा पुलापर्यंत जाऊन आले.

तेवढ्यात ऑटो आली. आतून ताराबाईंचा आवाज आधी उतरला, मग ताराबाई.

"अहो, इकडे काय करताव? ते सारे तिकडे उभे आहेत!"

"तिकडे म्हणजे कोठे?"

"नव्या रस्त्यावर. हिरव्या पाटीखाली. मुलाची आजी, त्या हिराबाई, व्हॅन पुढे सरकू देत नाहीत. पूजा झाल्यावाचून शीव ओलांडायची नाही म्हणतात. आणि मुलाचे वडील, अनिरुद्धराव, तापलेत. सामोरे कोणी येत नसेल तर व्हॅन मागे फिरवतो, असे म्हणाले फोनवर."

रघुनाथरावांच्या तोंडचे पाणी पळाले. कोणत्या रस्त्याने या, हे व्याह्यांना सांगायचे त्यांच्या मनातही आले नव्हते. कुंभकोणमहून माणूस आणखी कोठून येणार?

"सांगायचे नाही काय तुम्ही?" ताराबाई म्हणाल्या.

"सूर्यास कोणी सांगते काय, पूर्वेकडून ये म्हणून?"

"सूर्यास राहुकाळ नसतो. चढा!"

ताट मांडीवर, तांब्या गुडघ्यांत. नादस्वरवाले स्कूटरवरून मागे. ऑटोवाल्या सुब्रमण्यमला रघुनाथराव बाजाराच्या गर्दीत डावे-उजवे सांगत राहिले. गाव संपले आणि त्यांची जीभही थांबली. समोर सरळ, रुंद, उघडा रस्ता. ना झाड, ना दगड, ना ओळखीचे दुकान. कोठे काय सांगावे?

हिरव्या पाटीखाली व्हॅन उभी होती. अनिरुद्धराव पाठ फिरवून उभे. हिराबाई खिडकीत.

"काय व्याही, तुमची शीव पळून गेली काय?"

"शीव जागेवरच आहे, मावशी. रस्ता पळाला."

"मग माणसाने त्याच्या मागे धावावे की! मी म्हातारी येथे भाजते आहे."

अनिरुद्धरावांची पाठ तशीच. रघुनाथराव त्यांच्यासमोर गेले, हात जोडले. "चूक माझी. माझ्यासाठी रस्ता एकच होता."

अनिरुद्धरावांनी घड्याळाकडे पाहिले. "चार वीस. बोलत काय बसलाव? सुरेंद्र, उतर."

निरांजन लावले, तो लॉरी गेली आणि ज्योतही गेली. पुन्हा लावले, पुन्हा लॉरी. ताराबाईंनी पदर आडवा धरला तरी भागेना. शेवटी सुरेंद्र स्वतःच वाकला, ज्योतीभोवती ओंजळ धरली आणि सासऱ्यांना म्हणाला, "मामा, आता करा." असा, स्वतःच्या ओवाळणीचा दिवा सांभाळत नवरदेव उभा राहिला. पाय धुतले, गंध लागले, हार पडला. नादस्वर लॉरीच्या हॉर्नवर मात करून वाजले.

निघताना हिराबाईंनी रघुनाथरावांना ड्रायव्हरशेजारी बसवले. "तुमचे गाव. वाट दाखवा."

रघुनाथरावांनी समोर पाहिले. "मला ही वाट ठाऊक नाही," ते ड्रायव्हरला म्हणाले. "तूच ने."

व्हॅन सुटली. ते हात मांडीवर ठेवून बसले. उजवा पाय मात्र हॉल येईपर्यंत जागेवर नसलेला ब्रेक दाबत राहिला.