उघडा कोपरा

फोन वहिनीने घेतला. बाहेर अमेरिकेतल्या ॲन आर्बरचा बर्फ, आणि मी कणीक मळत होते. "ताई, तुमच्या मादाम गेल्या," ती म्हणाली आणि शेगडी तिनेच बंद केली. त्याला आता महिना होत आला, तरी सकाळी पाय त्या घराकडेच वळतात...

माझी शाळा सातवीत सुटली. भावाच्या मुलीला सांभाळायला इथे आले, आणि ती शाळेत जायला लागल्यावर वहिनीने मला जवळच राहणाऱ्या या फ्रेंच चित्रकर्तीकडे सोबतीला लावून दिलं. संधिवाताने मादामची बोटं आखडली होती, सुई धरवत नव्हती. हो, सुई. त्यांचे वडील बंदरावर जहाजांची शिडं शिवायचे. तसल्याच जाड कापडाचे तुकडे रंगात बुडवून त्या एकमेकांना जोडायच्या. तरुणपणी पॅरिसात ही चित्रं लावली तेव्हा लोक हसले, शिंपिणीचं दुकान म्हणाले. नव्या चित्रकलेचा झेंडा घेतलेल्या मित्रांनीही प्रदर्शनात त्यांना दाराआडची भिंत दिली. पुढे नवऱ्याच्या प्रोफेसरकीमागे त्या इथे आल्या, नवरा गेला, आणि विद्यापीठाला त्यांची आठवण झाली ती म्हातारपणी.

प्रत्येक चित्राचा एक कोपरा त्या न शिवता सोडायच्या. शीड चहूबाजूंनी बांधलं तर वारा कुठून शिरणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं इंग्रजी फ्रेंचमधून यायचं, माझं मराठीतून. मध्ये कुठेतरी गाठ पडायची. त्या दाखवतील तिथे मी टाके घालायचे. फार सरळ घातले की म्हणायच्या, "इथे तुला कुणी मार्क देणार नाहीये."

विद्यापीठाच्या म्युझियममधल्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी मोठं चित्र एकटीच आवरत होते. तो लोंबता कोपरा बघवेना. आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा आत भाकरीचा घास ठेवूनच मिटतात. गोधडी उपाशी, तर पांघरणारा उपाशी. डब्यात भाकरी होती. घास ठेवला, कोपरा शिवून टाकला... आणि घरी पोचल्यावर उमगलं, काय करून बसले ते. वहिनी म्हणाली, "अहो ताई, ते म्युझियममध्ये लागणारेय. सॉरी म्हणा, आणि जॉब गेला समजा." जॉबचं एवढं नव्हतं. त्या एकाच घरात मला कुणी किती शिकलीस म्हणून विचारलं नव्हतं. ते दार बंद होईल याची धास्ती होती.

सकाळी मादामनी कोपरा चाचपला. मी जमेल तसं सांगितलं. त्यांनी मग कात्री मागितली, माझ्याकडून टाके उसवून घेतले, तो वाळका घास काढला आणि तोंडात टाकला. सावकाश चावून खाल्ला.

"माझं चित्र उपाशीच बरं," म्हणाल्या. "पण उद्या माझ्यासाठी भाकरी आण."

तेव्हापासून डब्यात रोज त्यांचीही भाकरी असायची.

गेल्या आठवड्यात त्यांचा भाचा फ्रान्सहून घर आवरायला आला. टेबलावर एक लहानसं चित्र होतं, माझ्या हातचा एकही टाका नसलेलं. मी नसताना रविवारी कधीतरी त्यांनी शिवलं असणार. चारही कोपरे मिटलेले. भाच्याला वाटलं, कुणीतरी चूक केली. तो कात्री घेऊन उभा होता. मी शेवटचा कोपरा चाचपला. आत काहीतरी टणक लागलं, पावाच्या कडेसारखं.

राहू दे, म्हटलं, त्यांनीच शिवलंय.

चित्र त्याने मला दिलं. ते आता माझ्या उशाशी आहे. टाके फार वाकडे आहेत. त्या आखडलेल्या बोटांना किती वेळ लागला असेल...