शाळेत घातलेली गिटार

आप्पा मिस्त्री आधी लाकडाशी बोलायचे, मग माणसाशी. पंचवटीतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणी आलं, तरी त्यांचा कान फळीला लागलेला आणि बोट फळीवर ठोके देत असायचं. "थांब. बोलस का नही ते आयकू दे," म्हणायचे. आलेला माणूस मुकाट उभा राहायचा. बोलकी फळी गिटारीसाठी बाजूला जायची. मुकीचा पाट नाहीतर स्टूल व्हायचं, पण फेकली कधीच जायची नाही. "मुक्याले बी काम लागस ना!"

आप्पा सटाण्याकडचे. नाशकात आले ते दारं-खिडक्या करायला. एकदा कुणाची तरी फुटकी गिटार दुरुस्तीला आली, तिच्या पोटातल्या बारीक पट्ट्या त्यांनी पाहिल्या आणि दारं मागे पडली ती पडलीच. स्वतःला मात्र त्यांना एक सूर धड वाजवता येत नसे.

मी त्यांच्याकडे गेले ते बाबांचं शिसवी टेबल घेऊन. बाबा मास्तर होते. त्या टेबलावर त्यांनी आयुष्यभर वह्या तपासल्या. ते गेल्यावर आमच्या फ्लॅटमध्ये टेबल मावेना आणि विकवेना. म्हटलं, याची गिटार करून द्या, या वयात शिकेन. आप्पांनी टेबलावर ठोके दिले, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "बोलस. पन हळू."

करवत लागली तेव्हा मी तोंड फिरवलं. टेबलातून गिटारीची पाठ झाली, कडा झाल्या. कडांच्या पातळ पट्ट्या पाण्यात भिजवून तापलेल्या लोखंडी नळीवर ते इंच इंच वाकवायचे. मी श्वास धरून बसायची, कारण पट्टी मोडली तर दुसरं टेबल आणायचं कुठून? वरची फळी देवदाराची. ती चिकटवायच्या वेळी पावसाळा लागला आणि आप्पांनी सरसाचं भांडं झाकून ठेवलं. "हवा वल्ली शे." चार महिने तेवढंच उत्तर.

दसऱ्यानंतर एकदाच्या तारा चढल्या. मी हात पुढे केला, तर त्यांनी गिटार भिंतीला टांगली आणि समोर रेडिओ लावला. भजनं, शेतीच्या गप्पा, कांद्याचे भाव, सगळं तिला दिवसभर ऐकवायचं. त्याशिवाय नवं लाकूड मोकळं होत नाही, असं त्यांचं ठाम मत. "आते ती शाळेत शे, ताई. शिसव जड ऱ्हास, उशिरा शिकस."

दर आठवड्याला मी जायची आणि रिकाम्या हाताने परतायची. शेवटी माझा तोल गेला. "आप्पा, लाकूड कधी शिकतं का? सगळे तुमच्या मनाचे खेळ. उगीच कापलं, बाबांचं टेबल होतं तेच बरं होतं!"

त्यांचा रंधा थांबला. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "शाळा सुटू दे, ताई."

त्यानंतर दोन महिने मी तिकडे फिरकले नाही. आधी रागाने, मग लाजेने. उद्या जाऊन माफी मागू म्हणता म्हणता आप्पा गेल्याचंच कळलं. झोपेतच गेले. मी बोललेलं तसंच राहिलं, आणि ते मला आजही टोचतं.

दहाव्यानंतर शेडमध्ये गेले. रंधे, पटाशा सगळं पुसून ओळीने ठेवलेलं. गिटार भिंतीवर तशीच, आणि समोर रेडिओ चालू.

"तेस्नी सांगेल व्हतं, शाळा सुटनी नही," आप्पांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या. "मंग मी रोज लावस." सुतकातसुद्धा त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता.

गिटार उतरवून त्यांनी माझ्या मांडीवर दिली. मग आप्पा करायचे तेच केलं. तिच्या पाठीला, बाबांच्या टेबलाला, कान लावला आणि बोटाने ठोका दिला. आतून आवाज आला आणि कितीतरी वेळ राहिला.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "बोलस का वं, ताई?"

"बोलतंय, काकू."

त्या उठल्या आणि त्यांनी रेडिओ बंद केला.