गॅलरीत सांगितलेला पगार
पोह्यांवर लिंबू पिळलं, की डोंबिवलीच्या आमच्या घरातली ती रविवारची सकाळ आठवते. मला बघायला आलेल्या मुलाची आई पोह्यांची बशी हातात धरून त्याचं पॅकेज सांगत होती आणि माझे बाबा कौतुकाने मान डोलवत होते. मग रीतीप्रमाणे आम्हा दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं. त्याने दार लोटलं, वाळत घातलेल्या चादरीआड उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "पगार खरा आहे, पण कोलशेतच्या फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता, बहिणीच्या लग्नाचं लोन... उद्या नोकरी गेली ना, तर दोन महिने पण निघणार नाहीत. आत कोणालाच माहीत नाहीये. प्लीज, सांगू नका." शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, तर केवढ्याने दचकला! मला त्याची दया आली, की त्याचं खरं बोलणं आवडलं, कोण जाणे, पण मी होकार दिला. बाबांनी बिल्डिंगभर पेढे वाटले, "पोरगी श्रीमंताघरी पडली." आता त्या हप्त्यांत माझाही पगार जातो, आणि बाबा अजून तेच सांगत फिरतात. काल ते कोलशेतला आमच्याकडे आलेले. त्यांच्यासाठी मी पोहेच करत होते, तेवढ्यात नवरा भरदुपारीच ऑफिसातून आला आणि त्याने मला खुणेनेच गॅलरीत बोलावलं. त्याचा चेहरा बघून, तो काही बोलायच्या आत, या वेळी दार मी लोटलं.