दोन हजारांची जोडी

अकोल्याच्या स्टेशनावर मी पाण्याची बाटली विकत घेतली आणि बाबांनी ती दुकानदाराला परत केली. मी पुण्याला पहिल्या नोकरीवर निघाले होते. आई पातूरहून बांधून आणलेल्या डब्याची गाठ पुन्हा पुन्हा तपासत होती. बाबांनी बाटली त्या माणसाच्या हातात ठेवली, वर "राग मानू नको भाऊ" असंही म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "नळ हाय ना समोर. त्याच्याबिगर अडून राह्यलं का काही?" गाडी हलेपर्यंत ते नळाच्या रांगेत होते. मग धावत येऊन त्यांनी खिडकीतून घरची जुनी बाटली आत दिली. शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली होती. खरं सांगते, मला तेव्हा रडू आलं नाही, लाज वाटली. समोरच्या सीटवरची बाई बघत होती.

आमचं वावर पातूरजवळ. भाजी आणि शेवंती. घरात येणारी प्रत्येक वस्तू त्या एका प्रश्नातून गाळून यायची, अडतं का? पंखा आला, कारण उन्हाळ्यात अडलं. सोफा कधीच आला नाही, कारण सतरंजीवर बसून कुठल्या पाहुण्याचं काही अडलं नाही. माझं अमरावतीचं इंजिनीअरिंग मात्र बाबांनी अडतं असं धरलं. तेव्हापासून आईच्या हातात काचेच्याच बांगड्या आहेत.

तो प्रश्न मी पुण्यात सोबत नेला. माझ्यासारखे जे गेले त्यांना हे ओळखीचं वाटेल. मी उधळी नाही हो. पगार झाला की आधी फ्लॅटचा हप्ता, मग एसआयपी, मग विमा. पण त्यानंतर जे घ्यावंसं वाटायचं, त्यासाठी मी बाबांच्याच प्रश्नाला हवं ते उत्तर द्यायला शिकले. कॉफीचं मशीन घेतलं, कारण बाहेरची कॉफी महाग पडते, वर्षभरात पैसे वसूल. परदेशी बूट घेतले, गुडघ्यांसाठी. चामड्याची पर्स घेतली, चांगली वस्तू दहा वर्षं टिकते म्हणून. मग दुसरी घेतली, पहिली लवकर खराब होऊ नये म्हणून. हसू नका. तुमच्या कपाटात काय काय आहे, मला ठाऊक आहे.

गावी गेलं की आईचा पहिला प्रश्न, "केवढ्याचं वं हे?" आठ हजारांचे बूट आठशेचे व्हायचे. तीस हजारांची पर्स सेलमध्ये पाचशेला मिळालेली असायची. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला खरंच नव्हतं, कारण मी ते कधी सांगितलंच नाही. आई शेजारणीला कौतुकानं सांगायची, "आमची पोरगी लय हुशार हाय. पुन्यासारख्या शहरात सस्त्यात आनते." ते ऐकताना मी मोबाइलमध्ये तोंड घालून बसायची.

मग बाबांना कमी ऐकू यायला लागलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन लावा म्हणून सांगितलं. जोडीची किंमत लाखाच्या घरात, ती त्यांनी फक्त मला सांगितली. बाबांनी ती किंमत ऐकली नाही, ऐकायची गरजही त्यांना वाटली नाही. "जवळ येऊन बोला ना, येते ऐकू. काय अडून राह्यलं?" आणि मला ते उत्तर तेव्हा सोयीचं वाटलं. पुढच्या बोनसला बघू, असं मी आईला म्हटलं. पर्ससाठी मी कुठल्या बोनसची वाट पाहिली नव्हती.

पुढच्या दिवाळीला जोडी घेतली. अकोल्यात बाबांच्या कानांची तपासणी करून, त्यांना जुळवून बसवून आणली. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "केवढ्याचं पडलं?" आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन हजार. दोन्ही मिळून." ते खूश झाले. दोन दिवस घरभर ऐकत हिंडले. कुकरच्या शिट्टीला दचकले. मला म्हणाले, "तुहा आवाज बारीक झाला वं." मी म्हटलं, "असाच होता, बाबा." ती दिवाळी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली.

पुण्यात परतून महिनाही झाला नसेल, आईचा फोन आला. मोठ्या बाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, बरेच दिवस ऐकू येत नव्हतं. "दोन हजाराची तं जोडी, म्हने. माहं एका कानानं भागते, म्हने. एक मोठ्या बाबांले देल्लं त्यायनं," आई सांगत होती. तिच्या आवाजात नवऱ्याचा अभिमान होता. ते मशीन बाबांच्या कानाला जुळवलेलं. मोठ्या बाबांच्या कानात त्यातून नुसती कुरकुर यायची, पण धाकट्या भावानं एवढ्या मायेनं दिलेलं, म्हणून ते तसंच लावून पारावर बसायचे आणि लोकांच्या बोलण्यावर मान डोलवायचे. एक दिवस ढोरांना पाणी पाजताना ते मशीन हौदात पडलं. बाबांनी आपलं लावूनच शेवंतीला पाणी सोडलं, फवारणी केली, घामात आणि चिखलात वापरलं. तेही बंद पडलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "सस्ता रोये बार बार. दोन हजारात असंच येते."

मी दुसरी जोडी घेतली, तीही दोन हजारांचीच सांगितली. ती डब्यात आहे. दोन-चारदा लावून त्यांनी ठेवून दिली. मध्ये बराच काळ गेला होता, आता त्यांना सगळा गोंगाटच वाटतो. डॉक्टर म्हणतात, रोज लावावं लागेल, सवय करावी लागेल. बाबा कशाला करतील? दोन हजारांच्या खेळण्याची सवय कोण करतं? आणि खरी किंमत सांगितली तर ते मशीन कपाटात कुलूप लावून ठेवतील, जन्मात वावरात नेणार नाहीत. वर मग त्यांना माझे बूट आठवतील, पर्स आठवेल, कॉफीचं मशीन आठवेल. हिशेबाला ते पक्के आहेत. सगळं मनात मांडून झालं की ते आईच्या हातांकडे बघतील. मला हेच सहन होणार नाही. दोन्हीकडून दार बंद आहे आणि दोन्ही कड्या मीच लावल्यात.

आता फोनवर आईच बोलते. शेवटी रीत म्हणून ती फोन बाबांकडे देते. ऐकू येत नाही हे ते कबूल करत नाहीत. माझं बोलणं थांबलं असं वाटलं की म्हणतात, "हाव," म्हणजे आमच्याकडचं हो.

गेल्या रविवारी मी सांगून टाकलं. "बाबा, ते मशीन लाखाचं होतं."

"हाव."

"बूट आठ हजारांचे. पर्स तीस हजारांची. अशा दोन आहेत."

"हाव, माय."

"मी सगळं खोटं सांगत आले."

"हाव, बराबर हाय."

गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही घर सोडून गेलो. आम्हालाही वाटायचं की ते मागे जागच्या जागी आहे, कधीही जावं आणि बोलावं. माझं घर म्हणजे आता फोनच्या पलीकडचा एक माणूस आहे. त्याला मी काहीही सांगू शकते, आणि त्यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मी गप्प झाले तेव्हा त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "जेवली का वं?"

"नाही, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन आईला दिला.